कागदावर नसलेलं नाव

१

ते नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. गोष्ट सगळी त्या नावाचीच आहे, तरी नाही. ज्या दोन-तीन माणसांना ते ठाऊक होतं त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही. चिनारनं मात्र ते एकदा टाइप केलं. घाईत, कामाच्या नादात, यानं कुणाचं काय बिघडणार आहे अशा समजुतीनं. बिघडलं ते असं.

चिनार बिश्केकमधल्या एका दूध कंपनीत नोकरीला होती. कंपनीची शीतगृहं पार नारिनपर्यंत पसरलेली. त्यातलं प्रत्येक दार, प्रत्येक संगणक, दूध मोजायचा प्रत्येक काटा ओळख पटल्याशिवाय हलत नसे. माणसांना कंपनी बोटाएवढं टोकन द्यायची. टोकनात त्या माणसाचं डिजिटल प्रमाणपत्र, सोबत अंगठ्याची नोंद. टोकन दाराला लावा, अंगठा ठेवा, हिरवा दिवा लागला की आत जा. ही प्रमाणपत्रं देणं, मुदत संपत आली की नवी करणं, कुणी नोकरी सोडली की रद्द करणं, हे चिनारचं काम. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळाच्या टोकाला तिची खोली होती. खोलीच्या दाराला खाली लाकूड आणि वर दुधी काच.

तिचे वरिष्ठ तुरात. वयानं मोठे म्हणून सगळे त्यांना बाइके म्हणायचे, म्हणजे दादा. नवीन माणूस आला की त्यांचं ठरलेलं भाषण असायचं. "आपल्यात पोराला सात बाप पाठ पाहिजेत. बाप कोण, त्याचा बाप कोण, थेट सातव्यापर्यंत. अडखळला की लोक म्हणणार, हा गुलामाचा! यंत्राचंही तसंच आहे बाबा. तुझ्यावर सही कुणाची, त्याच्यावर कुणाची, असं विचारत विचारत ते वर वर जातं. आणि सगळ्यात वर कोण बसलीय? आमची चिनार. तिच्याशी जरा जपून."

त्या सोमवारी सकाळी चिनारनं चहात दूध ओतलं, कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याची, एक खारट गोळी गालात धरली आणि मुदत संपत आलेल्यांचे अर्ज उघडले. टँकरचे चालक, तोकमोकची हिशेबनीस, चीज विभागाचा तराजू. वाचायचं आणि मंजूर करायचं. बाहेर कोळशाच्या धुरानं डोंगर दिसेनासे झाले होते, खोलीतला हीटर टकटक करत होता. निम्म्या यादीत तिचा हात थांबला.

नूतनीकरणाचा अर्ज होता. अर्जदाराच्या जागी ते नाव.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग तिला आठवलं आणि ती स्वतःशीच हसली. अगं बाई, हे तर आपलंच काम!

२

चिनारची पहिली दोन बाळं नारिनला, सासरी गेली. नावं ठेवायच्या आतच गेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूनं, जुमाकान आपानं, सूत्रं हातात घेतली. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात, आपानं तर पाणीसुद्धा फुंकलं. बाळ खिडकीतून शेजारच्या भरल्या घरच्या म्हातारीला विकलं आणि सुई-दोरा नि वाटीभर बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, देऊन परत विकत घेतलं. हे सगळं मोठमोठ्यानं ओरडून, म्हणजे जो कुणी ऐकायला बसलाय त्यानं ऐकावं की हे पोर आमचं नव्हेच. मग दारं-खिडक्या लावून मोल्दोनं, म्हणजे गावच्या मुल्लानं, बाळाच्या कानात खरं नाव तीनदा सांगितलं. कागदावर मात्र घातलं तोक्तोकान. तोक्तो म्हणजे थांब.

तोक्तो थांबली. गालावर खळी पडणारी, तोंडाळ, आता पहिलीत जाणारी. बाप रशियात ट्रक हाकत होता. घरात तिघी. खरं नाव दवाखान्यात नाही, शाळेत नाही, कुठल्याच कागदावर नाही. तोक्तोलाही ते माहीत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात कंपनीत नवी प्रणाली बसवताना चाचणीसाठी एक खोटा माणूस लागला. बाइकेंनी बजावलं होतं, "कुणाचंच नसलेलं नाव घाल गं. मागे मी आसान नावाचा एक बनवला, तर ओशचा खरा आसान दाराबाहेर गारठत उभा! अजून मला शिव्या घालतो." चिनारनं जे नाव सुचेल ते घालून पाहिलं. प्रत्येक नावाचा माणूस कंपनीत निघायचा. आणि मग बोटांनी आपसूक ते नाव टाइप केलं. कुणाचंच नाही, कुठल्याच कागदावर नाही. यंत्राला काय कळतंय, असं तिला वाटलं.

चाचणी होती म्हणून तिनं अंगठा नोंदवला नाही. काम झाल्यावर माणूस यादीतून काढून टाकला. प्रमाणपत्र रद्द करायचं राहिलं. माणूस गेला तरी प्रमाणपत्र मुदतीपर्यंत जिवंत असतं, हे तीच सगळ्यांना शिकवायची.

आता ती मुदत संपत आली होती. तोवर सगळं समजण्यासारखं होतं. पण अर्ज आपोआप येत नसतो. टोकन कुठल्या तरी यंत्राला जोडून, नूतनीकरण हवं म्हणून कुणीतरी बटण दाबावं लागतं. चिनारनं खालचा खण ओढला. चाचणीचं टोकन तिथंच होतं, टोपणासकट, धूळ बसलेलं.

३

तिनं त्या नावाची दारांची नोंद काढली. काहीच निघणार नाही याची तिला खात्री होती. नोंदी निघाल्या.

पहिली नारिनच्या शीतगृहाची. काही दिवसांनी कोचकोर. मग बालिक्ची. नारिनहून बिश्केकला येणारा रस्ता चिनारनं किती वेळा कापला असेल, बाळंतपणाला, दिवसांना, चाळिसाव्याला. नोंदींची गावं त्या रस्त्यावर जशी लागतात तशीच लागली होती. शेवटची नोंद तोकमोकची होती, शनिवारची. तोकमोकनंतर बिश्केकच.

नोंद करण्यात गफलत झाली असेल, तिनं स्वतःला समजावलं. घड्याळं चुकतात, क्रमांक एकमेकांवर चढतात. तिनं बालिक्चीच्या गोदामाला फोन लावला. तिथला मेदेर तिला चांगला ओळखत होता, एजे म्हणजे ताई म्हणायचा.

"दार उघडलं होतं खरं, एजे," मेदेर म्हणाला. "भरदुपारी. हिरवा दिवा लागला, दार उघडलं, आणि माणूस नाही! मी म्हटलं, वारा."

"वाऱ्यानं हिरवा दिवा लागतो का रे?"

"तेच ना! आणि दुसरं म्हणजे दार लगेच मिटलं नाही. आपल्या मागून लहान मूल येत असलं की आपण दार धरून ठेवतो बघा, तसं थांबलं नि मग मिटलं. आता तुम्ही हसाल, पण मी उठून 'या, बसा' म्हणालो. सवय, दुसरं काय! दारात आलेल्याला हाकलता येतं का?"

चिनार हसली नाही. ती बाइकेंच्या टेबलाशी गेली, पण मुलीचं काही बोलली नाही. चाचणीचं जुनं प्रमाणपत्र दारं उघडतंय, एवढंच सांगितलं.

"मग रद्द कर की! त्यात विचारायचं काय?" बाइके समसा खात होते. "दोन टिचक्यांचं काम. तू तर असं तोंड केलंयस की माणूस मारायला सांगितलंय."

ती खोलीत परत आली आणि तिनं रद्द करण्याची खिडकी उघडली. वर ते नाव. खाली कारण निवडायचं होतं. नोकरी सोडली. टोकन हरवलं. मयत. यातलं कुठलंही निवडलं तरी खाली तीच सूचना. हे नाव यापुढे ग्राह्य नाही, असं सर्व ठिकाणी कळवलं जाईल. सगळ्या दारांना, सगळ्या काट्यांना, नारिनपासून इथपर्यंत. तिनं हे शेकडो लोकांसाठी केलं होतं, तेही चहा पीत पीत.

आपल्या पोरीच्या नावापुढचं ते बटण तिला दाबवेना. नुसतं राहू दिलं तरी उद्या संध्याकाळी यंत्र आपणहून त्या नावासमोर लाल अक्षरांत लिहिणार होतं, मुदत संपली. आणि मंजूर केलं तर ते जे काही तोकमोकपर्यंत आलं होतं, त्याला तिच्याच सहीनं आणखी एक वर्ष मिळणार होतं.

मी शिकलेली बाई आहे, ती मनाशी म्हणाली. हे एक अक्षरांचं पुडकं आहे. असं तिनं बऱ्याचदा म्हणून पाहिलं.

४

घरी आपा स्वयंपाकघरात तेल तापवत होती. गेलेल्यांसाठी तेलाचा वास सोडायचा तो दिवस नव्हता, तरी ती बोरसोक तळत होती.

"आज काय मधेच?" चिनारनं विचारलं.

"पोरीला विचार," आपा म्हणाली.

तोक्तो टेबलाखाली बसून बुटांचे बंद सोडत होती. "शाळेच्या फाटकाशी कुणीतरी हाक मारतं," ती म्हणाली. "सकाळी मारली, सुटल्यावरपण मारली."

"तोक्तो म्हणून?"

"नाही. दुसरंच नाव. पण मी मागे वळून बघितलं. का बघितलं काय माहीत! माझ्या वर्गातली सैकाल म्हणाली, तुला थोडंच बोलावतायत?"

"ओ दिलीस?" चिनारचा आवाज चढला. "तोक्तो, खरं सांग, ओ दिलीस का?"

"नाही दिली! ओरडतेस काय? माझं नाव नाहीय ना ते." ती बाहेर आली, हातात बूट. "आई, मला आणखी एक नाव आहे का?"

आपानं झारा खाली ठेवला. पोरीला गरम बोरसोक देऊन दुसऱ्या खोलीत धाडलं, दार लावलं, आणि सुनेकडे पाहिलं. चिनारनं सगळं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"लिहिलंस?" आपा एवढंच म्हणाली. मग, "कशावर लिहिलंस? पुसून टाक."

"पुसलं तर सगळीकडे कळतं, आपा. हे नाव संपलं म्हणून."

"कोण वाचतं?"

"यंत्रं."

"आणि ती कुणाला सांगतात?"

आपानं चूल बारीक केली. ती चिडलेली होती, पण आवाज मात्र अगदी खाली गेला होता. "अगं बये, नावाला अंग लागतं. मी पोरीच्या कानात नाव घालून घेतलं आणि वरून झाकण घातलं. तू ते उघडून उंबऱ्यावर ठेवलंस, बिनअंगाचं. पडलेली वस्तू कुणीतरी उचलणारच. आता ते नाव घेऊन कुणीतरी अंग शोधत फिरतंय."

"काय करू मग?"

"जो ओ देईल त्याचं नाव ते. पोरीनं ओ देता कामा नये." आपानं आपला सुरकुतलेला अंगठा पुढे केला. "तुझ्या त्या यंत्राला अंगठा लागतो ना? माझा घे. माझं झालंय सगळं जगून. माझ्या अंगावर घाल ते."

"तुम्ही कंपनीत नाही, आपा. यंत्र तुमचा अंगठा घेणार नाही."

हे खरं होतं. पण खरं नसतं तरी तिनं घेतला नसता.

५

मंगळवारी चिनार आपाला न उठवता निघाली. निघताना तोक्तोच्या केसांचा वास घेतला. पोर झोपेत काहीतरी पुटपुटली आणि तिनं कूस बदलली.

रद्द करण्याच्या कारणांत एक शेवटचं कारण होतं, जे सहसा कुणी वापरत नसे. बदली. जुनी किल्ली मोडायची, त्याच नावाला नवी द्यायची. नाव लाल होत नाही, नाव संपत नाही, फक्त धारक बदलतो. आपानं पोर खिडकीतून विकलं होतं, मी नाव विकत घेते, चिनार मनाशी म्हणाली. तिला त्यात कुठंतरी हसूही आलं.

सकाळ फोन घेण्यातच गेली. एक चालक टोकन धुण्यात टाकून बसला होता, त्याला नवं दिलं. दुपारी बाइके दारात डोकावले.

"लागमान खायला येतेस? चेहरा बघ तुझा, ताक नासल्यासारखा."

"तुम्ही व्हा पुढे, बाइके. एक बदली करायची राहिलीय."

"बघ हां, मग म्हणशील नूडल्स संपल्या." त्यांची पावलं बोळातून गेली, जिन्याचं दार मिटलं. जेवणाची सुटी होती. मजला रिकामा झाला.

चिनारनं नवं टोकन जोडलं. ते नाव टाइप केलं, दुसऱ्यांदा आणि शेवटचं. धारकाच्या जागी स्वतःचा कर्मचारी क्रमांक घातला. यंत्रानं अंगठा मागितला. टोकनवरचा काचेचा ठिपका गार होता. तिनं अंगठा ठेवला, आणि पडद्यावर अक्षरं आली, धारकाची नोंद झाली.

काहीच झालं नाही. हीटर टकटकत होता. खाली कुणीतरी ट्रक मागे घेत होतं. तिला एकदम भूक लागली, आणि आपण किती खुळ्यासारखं वागलो असं वाटून तिनं चक्क खणातून कुरुत काढून तोंडात टाकली.

फोन वाजला. तोक्तो होती, आपाच्या फोनवरून.

"आई! आम्ही शाळेतून निघालो. आज फाटकाशी कुणीच नव्हतं. मी मुद्दाम थांबले, तरी कुणी हाक मारली नाही."

"खरंच?"

"खरंच! आजीनं मला आइस्क्रीम घेतलं, थंडीत! ती रडतेय पण. का रडतेय?"

चिनारनं डोळे मिटले. तिच्या अंगातून एवढं ओझं उतरलं की खुर्चीत बसवेना. "मी आल्यावर सांगते," ती म्हणाली. "काय काय केलंस शाळेत, सांग मला."

तोक्तो सांगू लागली. कुणाचा तरी दात पडला होता.

६

ऐकता ऐकता चिनारचं लक्ष पडद्याकडे गेलं. दारांच्या नोंदीत एक नवी ओळ आली होती. ते नाव. मुख्य दार. अंगठा जुळला.

तिनं टोकनकडे पाहिलं. ते तिच्यासमोर, संगणकाला जोडलेलं होतं. मग तिनं स्वतःचा अंगठा पाहिला.

दुसरी ओळ आली. जिना. अंगठा जुळला.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, राणी."

बोळाचं दार वाजलं. ते उघडलं आणि लगेच मिटलं नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखं थांबलं, मग मिटलं. बोळात फरशी होती, कुणीही चाललं तरी टाचा वाजत. टाचा वाजल्या नाहीत. अनवाणी पायांचा चपचप आवाज आला, अगदी हलका, आणि पावलं एका माणसाची वाटत नव्हती. ती घाई करत नव्हती. मधल्या खोल्यांशी थांबत थांबत, जणू दारावरच्या पाट्या बघत, पुढे येत होती.

तुरात बाइके असतील, चिनारच्या डोक्यानं म्हणून पाहिलं. सफाईवाली असेल. ती दाराच्या दुधी काचेकडे बघत राहिली. माणूस आला की काचेत डोकं-खांदे दिसत. पावलं दाराशी येऊन थांबली, आणि काच रिकामी होती. मग काचेच्या अगदी खालच्या कडेला काहीतरी वर आलं. टाचा उंचावून हात वर केल्यावर पोहोचतील तेवढीच बोटं. चार. त्यांच्या शेजारी आणखी चार, त्याहून लहान.

हिरवा दिवा लागला.

बाहेरून हाक आली. ते नाव. आवाज लहान होता, नुकतंच बोलायला शिकलेल्या पोरासारखा, एकेक अक्षर जपून धरून उच्चारलेला. रात्री तिनं ठरवलं होतं की हाक आली की लगेच ओ द्यायची, आणि आता घशातून आवाजच फुटेना. मला घरी जायचंय, एवढंच तिच्या मनात येत होतं. मला माझ्या पोरीकडे जायचंय.

पुन्हा हाक आली. आता जास्त मोठ्यानं, दारात फट पडल्यासारखी.

फोनमध्ये तोक्तो बोलायची थांबली.

"आई," ती कुजबुजली, "तेच! फाटकाशी मारायचे ना, तेच नाव! तुझ्याकडे आलेत का ते?" दूर कुठंतरी आपा काहीतरी ओरडली, फोन हिसकावल्याचा आवाज झाला, पण पोरीनं तो सोडला नव्हता. "आई, कुणीच बोलत नाहीय त्यांच्याशी. मी ओ देऊ?"

"नको," चिनार म्हणाली. तिला आवाज सापडला. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला, उठली आणि दाराकडे तोंड केलं.

तिसरी हाक आली.

"ओ," ती म्हणाली. "आले."